काही ऐकू आलं नाही

दादा रंधा मारता मारता फळीवर कोसळले, ही बातमी डॉक्टरांना सगळ्यात शेवटी कळली. गावातला एकुलता एक डॉक्टर, त्यात सख्खा धाकटा भाऊ. पण बापूने येऊन दार वाजवलं ते त्यांना कळलंच नाही. बापू म्हणजे दादांचा थोरला मुलगा, बापाच्या हाताखाली सुतारकाम करणारा. त्याने दार वाजवून वाजवून हात लाल करून घेतले आणि घरी जाऊन सांगितलं, "काका व्हिजिटला गेलेत." काका कुठेही गेले नव्हते. दाराच्या आत, हातभर अंतरावर, खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

हे झालं आठवड्याच्या मधेच. रविवारी दादांच्या घरी सगळे जमले, तोवर डॉक्टरांनी स्वतःला हजार शिव्या घालून झाल्या होत्या. पण खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते तर वर्षभरापासून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, नळी बिघडली. गावात स्टेथोस्कोपला नळीच म्हणत. त्यांनी नवी मागवली, तीही मुकीच. मग एका दुपारी दवाखान्यात कुणी नसताना त्यांनी ती स्वतःच्या छातीला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ बसून राहिले. आत काहीच नव्हतं. आपण जिवंत आहोत, हे माहीत असल्यामुळेच त्यांनी नळीवर विश्वास ठेवला नाही. दोष कानांचा आहे, हे त्या दिवशी त्यांनी मान्य केलं.

दवाखाना मात्र बंद केला नाही. नळी लावायची, पण बघायचं डोळ्यांनी आणि बोटांनी. पोराचं पोट कसं हलतं, नाकपुड्या फुलतात का, नखं कोणत्या रंगाची आहेत, नाडी कशी उचलते. आणि जरा शंका आली की चिठ्ठी देऊन शहरात पाठवायचं. बायाबापड्या कुरकुरायच्या, म्हातारा हल्ली घाबरट झालाय म्हणायच्या. डॉक्टर ते त्यांच्या ओठांवर वाचायचे आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचे.

बायको असती तर तिला पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. ती गेल्यापासून त्या दोन खोल्यांत त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून हाक ऐकू येत नाही हे कळायलाही उशीर झाला. एकटेपणाची सवय होते म्हणतात. डॉक्टरांना काही ती झाली नव्हती. संध्याकाळी दवाखान्याचं दार लावलं की त्यांना अगदी लहान मुलासारखं रडू यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

तर रविवारी जेवणाआधी सगळे दादांच्या पुढच्या खोलीत बसले होते. शेजारीच कारखाना, मधे दार उघडं, त्यामुळे खोलीभर ताज्या भुश्शाचा वास. दादा स्वतः केलेल्या पलंगावर उशीला टेकून, पण बसण्याचा आव असा की जसे पाहुणे यांनाच बघायला नव्हे तर यांच्याकडे काही मागायला आलेत. वहिनी पायाशी. खिडकीजवळच्या खुर्चीत आक्का, दादांहून लहान आणि डॉक्टरांहून मोठी. तिची जीभ मात्र दोघांच्या वरची. बापू कारखान्याच्या दारात उकिडवा. आणि मधोमध उभा दादांचा धाकटा मुलगा. शहरातल्या ऑफिसात लागल्यापासून घरात सगळे त्याला साहेब म्हणत, आणि आता तोही त्या नावाला ओ देत असे.

डॉक्टरांनी भिंतीला पाठ लावून जागा धरली. इथून सगळ्यांची तोंडं दिसत होती. एक दादाच जरा अवघड, कारण त्यांच्या मिशा वरच्या ओठावरून थेट खाली उतरलेल्या. पण दादा जन्मभर करवतीच्या आवाजावरून बोलत आलेले, त्यामुळे त्यांचं बरंचसं अजून कानात शिरायचं.

"मोठ्या हॉस्पिटलात बोलून ठेवलंय मी," साहेब म्हणाला. "गाडी दारात आहे. आज निघालो तर उद्या सकाळी पहिला नंबर लागेल. काका, तुम्हीच सांगा आता."

"चक्कर आली एकदा उन्हाची," बापू म्हणाला, "तर लगेच मोठं हॉस्पिटल! माझे सासरे गेले होते ना तुझ्या मोठ्या हॉस्पिटलात. चालत गेले होते."

"त्यांचं वेगळं होतं."

"गेल्यावर सगळ्यांचं वेगळंच असतं. तू महिन्यातून एकदा येणार, हुकूम सोडणार. रोज बाबांच्या समोर फळी धरून कोण उभं असतं? मी का तू?"

"अरे, म्हणून काय मी मुलगा नाही का?"

"भांडा," आक्का म्हणाली. "पलंगावरचा माणूस अजून बसलेला आहे तेवढ्यात भांडून घ्या. मागनं मजा नाही यायची."

"आक्का, काहीतरी काय बोलता!" वहिनींनी तोंडाला पदर लावला, आणि डॉक्टरांना पुढचं वाक्य दिसेनासं झालं.

दादांनी हात वर केला. "गप्प बसा सगळे. डॉक्टर नळी लावेल. तो सांगेल ते करायचं."

वाद मिटला. या घरात तो नेहमी असाच मिटायचा. दादांनी शाळा सोडून करवत हातात घेतली म्हणून धाकट्याच्या गळ्यात नळी आली, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दादांनी त्याचा कधी उच्चार केला नाही. पण भाऊ शिकून परत आला त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारणं बंद केलं. डॉक्टर म्हणायचे. त्यांचं ऐकून घर म्हणू लागलं, मग गाव.

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. दादांचं मनगट हातात घेतलं. नाडी लहान होती आणि वर यायला वेळ लावत होती, जड पायाने जिना चढणाऱ्या माणसासारखी. मग सदऱ्याची बटणं काढून त्यांनी तळवा छातीच्या उजव्या बाजूला, वरच्या बाजूस टेकवला आणि दादांना पुढे वाकायला सांगितलं. तळव्याखाली थरथर लागली. बारीक, पण पक्की. हृदयाची झडप आवळली होती. यापुढे नळीने काही नवं सांगायचं शिल्लक नव्हतं, आणि डॉक्टरांना भावाच्या छातीवर हात ठेवूनही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली.

"हात काय फिरवतोस?" दादा म्हणाले. "नळी लाव की."

त्यांनी नळी लावली. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले. वहिनींनी उठून खिडकी लावून घेतली, रस्त्यावरचा आवाज नको म्हणून. डॉक्टरांसाठी एवढी शांतता पाळायची काही गरज नव्हती, पण ते सांगणार कोण? त्यांनी नळी इथे ठेवली, तिथे ठेवली, पाठीला लावली, आणि मग गळ्यात टाकली.

"दादा, हॉस्पिटलात जायला हवं. आजच जा."

साहेबाने सुटकेचा श्वास टाकला. बापूने मात्र मान हलवली.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही हल्ली शिंक आली तरी शहरात धाडता. गावात लोक हसतात."

आक्काही हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

"ते राहू दे बाजूला," दादा म्हणाले. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. "जा-नको-जा ते मागनं. आधी मला सांग, आत काय ऐकलंस तू?"

उत्तर तयार होतं. फूत्कार ऐकला, करकर ऐकली, काहीही सांगता आलं असतं. आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण ज्याला कान आहेत त्याला ते ऐकू आलंच असतं. डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलंसुद्धा. पण पहिल्यांदा नवी कोरी नळी घेऊन सुट्टीला घरी आले होते, तेव्हा ज्या छातीला ती लावून बघितली होती, ती ही छाती होती. या माणसाशी नळीवरून खोटं बोलणं त्यांना काही केल्या जमेना.

"दादा," ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

आणि घर हसलं.

त्याचं असं होतं. या घरातलं प्रत्येक पोर कधी ना कधी खोकत डॉक्टरांपुढे उभं राहिलं होतं, आणि प्रत्येकाची छाती तपासून झाल्यावर त्यांनी पाठीवर चापट मारून एकच वाक्य म्हटलं होतं, "काही ऐकू आलं नाही. पळ!" म्हणजे छाती साफ आहे, भीती नाही. पुढे ते वाक्य घराचंच झालं. परीक्षेचा निकाल बरा लागला की पोरं सांगायची, काही ऐकू आलं नाही. बापूचं लग्न ठरवताना आक्का मुलीकडच्यांची चौकशी करून आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली होती, "काही ऐकू आलं नाही हो!" त्या वाक्यावर त्या घरात एक सून आली होती.

वहिनींनी दोन्ही हात तोंडावर दाबले आणि त्या रडायला लागल्या. बापूने चौकटीवर मूठ आपटली. "बघ! मी काय सांगत होतो?" साहेबाचा चेहरा उतरला. त्याला आनंदही झाला होता आणि हरल्यासारखंही वाटत होतं, आणि दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नव्हतं. आक्का चहा ठेवायला उठली. दादा तर बटणं लावत पलंगावरून उतरलेच.

"बापू, चल. ती चौकट तशीच पडलीय तीन दिवस. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

डॉक्टरांना फक्त एकदम हलणारी तोंडं दिसत होती. सगळे एकाच वेळी बोलत असले की त्यांना कुणाचंच कळायचं नाही. ही माणसं हसतायत का, हे उमगायला त्यांना वेळ लागला. उमगलं तेव्हा आपलं वाक्य काय करून बसलं, तेही कळलं.

आणि खरं सांगायचं तर, त्याच वेळी त्यांना एक वाटही दिसली. गप्प बसायचं. चहा घ्यायचा. मग हळूच साहेबाला बाजूला घेऊन, तरी एकदा दाखवून आणा, असं सुचवायचं. कुणाला काही कळणार नाही, दवाखाना चालू राहील, उद्या सकाळी बाकावर माणसं येऊन बसतील. ती माणसं बसली नाहीत तर त्या दोन खोल्यांत आपण दिवसभर करायचं काय, हा प्रश्न डॉक्टरांनी वर्षभर दूर ठेवला होता. तो आता समोर येऊन उभा राहिला.

उघड्या दारातून त्यांना दादा दिसले. फळी शिकंज्यात धरलेली, दोन्ही हातांत रंधा, खांदे पुढे झुकवलेले. पहिली ढलपी वळून खाली पडली. दुसरीला दादा थांबले, डोळे मिटून उभे राहिले, आणि पुन्हा जोर लावायला वाकले.

डॉक्टर धावले. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं धावले, आणि रंध्याच्या पुढ्यात फळीवर हात ठेवला.

"अरे, बोटं जातील!" दादा ओरडले.

"मी बहिरा झालोय!"

आपला आवाज केवढा निघाला ते त्यांना कळलं नाही. पण आक्का हातात चहाचं पातेलं घेऊन दारात आली, त्यावरून बराच मोठा निघाला असावा.

"दादा, तुझ्या छातीत काही नाही असं मी म्हणालो नाही. मला ऐकू येत नाही. कुणाच्याच छातीतलं. वर्ष झालं. नळी लावतो, पण आत काही येत नाही. दाराची कडी येत नाही. त्या दिवशी बापू आला होता तेव्हा मी घरातच होतो."

पहिला बोलला तो बापू, आणि डॉक्टरांना त्याचे ओठ नीट दिसावेत म्हणून की काय, उठून अगदी समोर येऊन.

"थंडीत माझ्या पोरीला नळी लावली होतीत तुम्ही."

"लावली होती."

"काय ऐकलंत?"

"काही नाही. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ते दिसलं. म्हणून तुला तसंच शहरात पाठवलं."

बापूने तोंड फिरवलं. त्या वेळी तो सगळ्या रस्ताभर काकांना भित्रा म्हणत गेला होता आणि शहरातल्या डॉक्टरांनी, वेळेवर आणलंत, म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर ते काकांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

"म्हणजे वर्षभर तुम्ही असेच लोक तपासताय?" साहेब पुढे झाला. मघापर्यंत तोच एक डॉक्टरांच्या बाजूचा होता. "काका, हे बरोबर नाही. उद्या कुणाचं काही झालं तर? बंद करा दवाखाना. आणि कानाची मशीन मिळते, ती का नाही घेतलीत?"

"घेतली होती. बोलणं थोडं कळतं तिने. पण ती काढल्याशिवाय नळी कानात जात नाही, आणि काढली की पुन्हा तेच. तू म्हणतोस ते बरोबर आहे. बंद करायला हवा."

"आत्ता या गोष्टी काढायच्या असतात का रे?" वहिनी धाकट्यावर कडाडल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "भावजी, मला तरी सांगायचं होतंत."

"आणि मी?" आक्का म्हणाली. "मी येऊन तासन् तास बोलत बसते तुझ्यापाशी, ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघत असतो मी, आक्का."

"आणि मी पाठ करून भांडी विसळताना बोलते ते?"

"तेव्हा मान डोलावतो."

"मेल्या," आक्का म्हणाली, आणि हातातलं पातेलं घेऊन तशीच भुश्शात बसली. "माझ्या सुनेबद्दलचं सगळं मी पाठ करूनच सांगितलं रे तुला. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही."

दादांचे रंध्यावरचे हात तसेच होते. डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात उचलला, सदऱ्याच्या आत घातला आणि त्यांच्याच छातीवर, मघाच्या जागी, दाबून धरला.

"मला कान नाहीत, पण हात आहेत. वाक जरा. श्वास सोड. आता धर तसाच. काय लागतंय?"

दादा नाकासमोर बघत उभे राहिले. कारागिराचा तळवा, कातडं झालेला, पण लाकडातली गाठ न बघता ओळखणारा. मग ते म्हणाले, "ओल्या लाकडात करवत धरावी तसं लागतंय."

"तेच."

"अडकतेय."

"अडकतेय, दादा. जोर लावून ढकलतंय हृदय, पण वाट अरुंद झालीय. म्हणून जोराचं काम काढलंस की चक्कर येते. अजून रंधा मारलास तर एक दिवस थांबेल. ते उघडून देता येतं. पण मला नाही, त्यांना."

"बापू, इकडे ये," दादा म्हणाले. बापूने हात धुतल्यासारखे पँटला पुसले आणि बापाच्या छातीवर तळवा ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. मग साहेबाकडे न बघताच म्हणाला, "गाडी वळवून घे. मी येतो बरोबर."

त्यानंतर सगळं भराभर झालं. वहिनींनी पिशवी भरली, बापूने कारखान्याला कुलूप घातलं, दोघे भाऊ जन्मात पहिल्यांदाच एकमेकांना विचारून विचारून कामं करू लागले. डॉक्टरही आपली बॅग घेऊन गाडीपाशी जाऊन उभे राहिले. दादांच्या शेजारी कुणी बसावं, याबद्दल त्यांच्या मनात काही शंकाच नव्हती.

साहेब जवळ आला. आवाज मऊ करून बोलला, म्हणून ते ओठांवरूनच वाचावं लागलं.

"काका, तुम्ही नका येऊ. तिथले डॉक्टर भराभर बोलतात. मग तुम्हाला सांगत बसायला लागेल, आणि बाबांकडे बघायला..." पुढचं त्याने गिळलं. तो वाईट मुलगा नव्हता.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "उताणा झोपवू नका त्याला. आणि चढावर चालू देऊ नका." आणि बॅग घेऊन बाजूला झाले.

मागच्या सीटवर दादा टेकून बसले होते. काच खाली होती. त्यांनी हाताने खूण केली. डॉक्टर वाकले तसा दादांनी त्यांच्या मानेत हात घातला, डोकं आत ओढलं आणि तोंड कानाशी नेलं, इतक्या जवळून तरी ऐकू येईल म्हणून.

ते बोलू लागले. मोठ्याने नाही, मोठ्याने बोलायचं ते नव्हतंच. लहानपणी एका पांघरुणात झोपायचे तेव्हा जसे बोलायचे, तसे. डॉक्टरांना कानावर उष्ण श्वास लागत होता आणि मिशा टोचत होत्या. ओठ दिसत नव्हते. मधे एकदा श्वास थांबला, मग पुन्हा सुरू झाला. दादा जन्मात एवढा वेळ कुणाशी बोलले नसतील.

तोंड मागे घेऊन, पुन्हा सांग, मोठ्याने सांग, असं म्हणता आलं असतं. पण पुढच्या सीटवर साहेब होता, पलीकडे वहिनी होत्या, दारात बापू उभा होता. दादांना ते सगळ्यांसमोर ओरडावं लागलं असतं, आणि मग ते बोललेच नसते.

दादा बोलायचे थांबले. त्यांनी डॉक्टरांचा चेहरा दोन्ही हातांत धरून समोर आणला आणि बघत राहिले. उत्तर हवं होतं.

"हो, दादा," डॉक्टर म्हणाले.

दादांचा सगळा चेहरा सैल झाला. त्यांनी डॉक्टरांच्या गालावर थोपटलं, मागे टेकून डोळे मिटले आणि साहेबाला निघायची खूण केली. गाडी वळणाआड गेली. डॉक्टर रस्त्यातच उभे राहिले, बॅग हातात तशीच.

थोड्या वेळाने त्यांच्या दंडाला कुणी तरी धरलं. आक्का होती. ती मुद्दाम पुढे येऊन, तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काय म्हणाला दादा?"

"वेळेवर जेव म्हणाला."

"इतका वेळ? एवढंच?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्या मागोमाग जेवायला आत गेले.